डाव्या गालावरचं हिरवं

अण्णा गेले त्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या चष्म्याची काडी मोडली. बुधवार होता. कॉलेजात परीक्षा सुरू होत्या आणि माझं सुपरव्हिजन दुपारचं होतं, म्हणून सकाळीच मी त्यांना गाडीवर मागे बसवून उचगावहून कोल्हापुरात, लक्ष्मीपुरीत घेऊन गेले. पुलाजवळ ट्रॅफिक तुंबलं होतं. अण्णांनी एक हात माझ्या खांद्यावर ठेवला होता आणि दुसऱ्या हाताने मोडका चष्मा डोळ्यांपुढे धरून ते वाढदिवसांचे फ्लेक्स बघत होते. "ह्याला मान न्हाय बघ," ते म्हणाले. कोणाला, मी विचारलं. "त्यो काय, गॉगलवाला. मुंडकं आणून कोटावर ठेवलंय. मधली मान कुठं गेली, नवस फेडाय?" मी हसले, गाडी जराशी हलली, मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. अण्णा वळून त्याला म्हणाले, "थांबा की पावणं, मान हुडकालोय." इतकी साधी सकाळ होती ती. आता मी तिच्यात काही खूण सापडते का म्हणून पुन्हापुन्हा जाऊन येते, पण रिक्षाचा हॉर्न, खांद्यावरचा हात आणि टर्पेंटाइनचा जुना वास याखेरीज तिथे काही नाही.

चष्म्याच्या दुकानात गर्दी नव्हती. मालक काडी बदलत होता आणि अण्णा स्टुलावर बसून, धड काही दिसत नसताना, भिंतीवरच्या आरशांकडे बघत होते. शेजारी एक बाई बसली होती, पन्नाशीची, मांडीवर औषधांची पिशवी. तिने आधी अण्णांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हेच न्हवं का ते पेपरात आलेले? मिस तडाखाचे?" मी हो म्हणाले. असं अलीकडे कधीकधी घडत असे. अशा वेळी अण्णा हात जोडत आणि ऊन फार वाढलंय वगैरे म्हणून सुटका करून घेत. पण ही बाई सरकून जवळ आली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "माझ्या लेकीनं मोबाइलवर दाखवली मला ती गोष्ट. ती गाडीवर बसलेली बाई. तिच्या गालावरचा मार." मग मांडीवरची पिशवी सावरून, "बारा वरसं मी पावडर लावून बाजाराला जायची, काका. भाऊ यायचा, भावजय यायची, कुणाला कळलं न्हाय. तुम्हाला बरं कळलं." असं म्हणून तिने अण्णांचा उजवा हात दोन्ही हातांत धरला. अण्णांनी माझ्या दिशेने मान वळवली. चष्मा नव्हता, त्यामुळे माझा चेहरा त्यांना दिसला नसणार, एक फिकट गोल दिसला असेल. "व्हय," ते म्हणाले. आणि मग, "आता बऱ्या हाईसा न्हवं?" बाईने मान हलवली. मालकाने चष्मा पुसून पुढे केला तोवर तिने हात सोडला नव्हता.

त्या 'व्हय'ने मी हलले. अण्णा खोटं बोलत नसत. बोलता येत नसे असं म्हणणं जास्त बरोबर. घरी वर्गणीवाले आले तर आत बसून "न्हाईत म्हणून सांग" एवढंसुद्धा त्यांना जमत नसे, स्वतः उठून बाहेर येत आणि "आज न्हाय जमणार" असं तोंडावर सांगत. आणि त्या बाईला त्यांनी 'व्हय' म्हटलं, कारण तिच्या गालावर मार होता हे खरं होतं. मिस तडाखाच्या गालावर तो नव्हता, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. आम्हा दोघांना, असं मी आज लिहिते आहे. त्या सकाळी अण्णांच्या मते ते फक्त त्यांना ठाऊक होतं.

मिस तडाखा म्हणजे नऊ इंचांची रेझिनची बाई. जुन्या ढंगाच्या स्कूटरवर आडवी बसलेली, एक पाय दुमडलेला, दुसऱ्या पायाच्या अंगठ्यावर कोल्हापुरी चप्पल लोंबते आहे. ठिपक्यांचा आखूड फ्रॉक, खांद्यावरून मागे उडणारा इरकली काठाचा झगा, डोळ्यांवर मुखवट्यासारखी काळी पट्टी, लाल ओठ, आणि कोणा गुंडाची हिसकावलेली टोपी बोटावर फिरवत ती खांद्यावरून मागे बघून हसते. गॅरेजमध्ये, सलूनमध्ये टांगलेल्या जुन्या कॅलेंडरांवरच्या बायका जशा हसत, तशी. ती ऋतुराजची कल्पना. ऋतुराज तिशीतला, पुण्यात अ‍ॅनिमेशन शिकून परत आलेला. त्याच्या आजोबांचं ट्रकांचं गॅरेज होतं आणि लहानपणी त्या कॅलेंडरांखाली बसून त्याने अभ्यास केला, असं तो मुलाखतींतून सांगतो. परदेशी कंपन्यांच्या अशा पराक्रमी बायकांच्या मूर्ती त्याच्या घरी काचेच्या कपाटात, दिव्यांखाली उभ्या आहेत. त्याला आपल्याकडची एक हवी होती, पन्नाससाठ वर्षांपूर्वीच्या रंगात. संगणकावर तो रंग येईना, म्हणून तो विचारत विचारत उचगावला, सिनेमाचे बॅनर रंगवणाऱ्या भाऊसोंच्या, म्हणजे आमच्या अण्णांच्या दारात आला. अडीचशे मूर्ती, प्रत्येक हाताने रंगवायची, शिवाय खोक्यावरचं चित्र. बॅनर बंद होऊन वीस वर्षं झाली होती. मधल्या काळात अण्णांनी नंबरप्लेटा रंगवल्या, शाळांच्या भिंतींवर नकाशे काढले आणि दर चौदा एप्रिलला आमच्या वस्तीसाठी बाबासाहेबांची मोठी तसबीर, तिचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. ऋतुराजने पिशवीतून ती पांढरी, बिनरंगाची बाई काढून टेबलावर ठेवली तेव्हा अण्णा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "लई लहान हाय की. हिला रस्त्यावरनं कोण बघणार?"

मला ती आवडली नव्हती. त्यात काही आश्चर्य नाही. सातवीत असताना वर्गातल्या एका मुलीने फळ्यावर लिहिलं होतं, निशाचा बाप उघड्या बायका काढतो. मी ते पुसलं आणि तेव्हापासून पुस्तकांत गेले. पुस्तकांत मला पुढे अशी वाक्यं सापडली की ज्यांच्या आधाराने ती लाज विचारासारखी दिसू लागली. बाईच्या शरीराकडे कोण बघतं, कोणासाठी ती हसते, यावर मी दरवर्षी एम.ए.च्या मुलींना तीन तास शिकवते आणि चांगलं शिकवते. त्या तीन तासांत अण्णांचं नाव कधी येत नाही. पण प्रत्येक वेळी वर्गाच्या मागच्या भिंतीवर मला एक चाळीस फुटी मांडी दिसते, अर्धी रंगवलेली, तिच्यावर चित्र मोठं करायला निळ्या खडूने आखलेले चौकोन.

अण्णांची शेड थेटराच्या मागे होती. बॅनर थेटराच्या तोंडावर चढवला की शेवटचा हात बांबूच्या परांचीवर उभं राहून मारायचा. वर उभ्या माणसाला नाकापुढे नुसता रंग दिसतो, चेहरा दिसत नाही. उतरून, रस्ता ओलांडून, बघून पुन्हा चढायचं म्हणजे वेळ जाई. म्हणून शाळा सुटली की मी समोरच्या पानपट्टीशी जाऊन उभी राहायची. अण्णा वरून ओरडायचे, "निशे, बघ गं, नाक बसलं का?" मी डोळे बारीक करून बघायची आणि ओरडायची, "बसलं!" किंवा, "अण्णा, गाल चपटा दिसालाय!" मग ते ब्रश हिरव्यात बुडवायचे. हिरव्यात, कधी जांभळ्यात, कधी निळ्यात. मी आठ वर्षांची असताना त्यांना विचारलं होतं, बाईचं तोंड हिरवं कसं असतं? त्यांनी मला परांचीवर उचलून घेतलं आणि हिरॉईनच्या गालाला माझं नाक लावलं. तिथे चेहरा नव्हताच. हिरवे, नारिंगी, जांभळे ढग होते, जवसाच्या तेलाचा उग्र वास होता. "सावली काळी न्हाय काढायची," ते म्हणाले. "काळं लांबनं घाण दिसतं, तपकिरी लांबनं माती दिसती. हिरवं घातलं की रस्त्यापलीकडनं ऊन दिसतं." मग मी पळत रस्त्यापलीकडे गेले आणि वळले, आणि ती बाई संध्याकाळच्या उन्हात उभी होती. "मी हितनंच बघतो, अण्णा!" मी ओरडले. आमच्याकडे मुलीही अशाच बोलतात, बघतो, येतो, जातो. कॉलेजात गेल्यावर मी ते सोडलं.

नऊ इंचांची बाई माणूस हातात घेऊन बघणार, वीतभर अंतरावरून, हे अण्णांना डोक्याने कळत होतं. ऋतुराजने दोनदा सांगितलंही होतं. पण हाताला ते कळलं नाही. पहिली मूर्ती रंगवताना ते तिला हातभर लांब धरत, मग कपाटावर ठेवून दारापर्यंत जात, मग अंगणात, मग शेजाऱ्यांच्या भिंतीला पाठ लावून उभे राहत. आणि परत आत येऊन तिच्या डाव्या गालावर, पट्टीच्या खाली, हिरवा हात मारत, आणि जबड्याच्या कडेला जरासा जांभळा. तीस वर्षं रस्त्यापलीकडच्या माणसासाठी रंगवलेला हात तो. त्या दिवशी मी कॉलेजातून आले, चप्पल काढायला दारात वाकले आणि वर पाहिलं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला कपाटावर ती बसली होती. मला वाटलं मागची खिडकी उघडी आहे आणि तिच्यावर कलतं ऊन पडलंय. खिडकी बंद होती. मग मी जवळ गेले, आणि जवळून तो एक हिरवट डाग होता. अण्णा माझ्याकडे बघत होते हे मला कळत होतं. शाळेतून आलेल्या पोरीने आता "बसलं" म्हणून ओरडावं अशी त्यांची अपेक्षा असेल का? मी चहा ठेवायला आत गेले.

मूर्ती गेल्या, पुण्याला, बंगळूरला, काही परदेशातही. अशा गोष्टी जमवणाऱ्यांचं एक वेगळंच जग असतं. ते खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढतात, भिंग लावल्यासारखे जवळून फोटो घेतात. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी गालाचा फोटो टाकून खाली विचारलं, हिला कुणी मारलं? त्याखाली शेकडो लोक बोलू लागले. ऋतुराज घाबरून आमच्याकडे आला. त्याला अण्णांना सांगायचं होतं की पुढच्या मूर्तींवर तो रंग जरा पुसट करा. मी त्याला फाटकातच गाठलं. अण्णा आत होते, रेडिओचा आवाज येत होता. "थांब," मी म्हणाले. "ते राहू दे. तिचा भूतकाळ आहे तो." हे शब्द तोंडातून निघेपर्यंत मला ते सुचलेलं नव्हतं. मग सुचतच गेलं. एकोणीसशे बासष्ट, कोल्हापूर, कचेरीतली टायपिस्ट, मारकुटा नवरा. एक दिवस ती त्याचीच स्कूटर घेऊन निघते. डोळ्यांवरची पट्टी सुजलेला डोळा झाकायला बांधलेली. ऋतुराज तोंड उघडं ठेवून ऐकत होता. "म्हणजे अण्णांनी मुद्दाम काढलंय ते? बोलले नाहीत मला." मी म्हणाले, "अण्णा फारसं बोलत नाहीत." या उत्तरात एकही शब्द खोटा नव्हता. मी तेव्हाही ते मनात तपासून घेतलं होतं.

मी असं का केलं, याची उत्तरं मला पुष्कळ येतात. गोष्ट चांगली होती. अशा बायका असतात, आणि त्यांच्यावर लिहायला हवं. पण खरं उत्तर लहान आहे आणि मला ते अण्णा गेल्यानंतर, त्यांचे ब्रश धुताना सापडलं. त्या बाईला मार बसलेला असला की मला तिच्याकडे बघायची लाज वाटत नव्हती. तिच्या उघड्या गुडघ्याला, लाल ओठांना, त्या हसण्याला आता कारण मिळालं होतं. मी सहकाऱ्यांना ती दाखवू शकत होते. माझ्या बापाचं काम मी टेबलावर ठेवू शकत होते. आणि ते त्यांचं कामच नव्हतं.

आधी चोवीस पानांचं कॉमिक आलं, लेखिका म्हणून माझ्या नावाने. मग मोबाइलवर ऐकायची मालिका, मग टी-शर्ट, कप, बारा पानांचं कॅलेंडर. महिला दिनाला आमच्या कॉलेजच्या पोर्चमध्ये मिस तडाखाचा उभा फलक लागला. पेपरवाले आले. त्यांनी अण्णांना विचारलं, ही जखम तुम्हाला का रंगवावीशी वाटली? अण्णा म्हणाले, "ते निशाला इचारा. ती शिकलेली हाय." लोकांना ते फार आवडलं. छापताना त्यांनी त्याला विनय म्हटलं.

हसला तो फक्त गुंडूकाका. गुंडूकाका अण्णांचा जुना जोडीदार, बॅनरवरची अक्षरं तो काढायचा, चेहऱ्याला त्याने आयुष्यात हात लावला नाही. कॉमिक हातात धरून तो बाहेरच्या सोप्यात बसला आणि म्हणाला, "भाऊसो, आपण पन्नास-साठ हिरॉइनी हिरव्या केल्या, एकीनं पोलिसात तक्रार दिली न्हाय. आणि ही टिचभर बाई बघ, सगळ्या गावाला कामाला लावलंय हिनं." अण्णा हसले. मग गुंडूकाका माझ्याकडे वळला, "आणि काय गं मास्तरीण, चौदा एप्रिलच्या तसबिरीत बी गालाखाली हिरवंच असतंय की. तिथं कुणाला मार दिसत न्हाय. आखूड फ्रॉक घातला की दिसतोय व्हय?" इतका नेमका प्रश्न माझ्या एम.ए.च्या वर्गात कधी कुणी विचारला नव्हता. अण्णा म्हणाले, "असू दे गुंडू, तिला काय दिसलं ते तिनं लिव्हलं."

यल्लव्वा आत्या मात्र भांडायलाच आली. ती अण्णांची थोरली बहीण, निपाणीकडे दिलेली, अण्णांना सत्तरीतही कानडी वळणाने तम्माच, म्हणजे धाकटा भाऊच, म्हणायची. तिच्या नातसुनेने तिला विचारलं होतं की आजी, तुमचा भाऊ बायकोला मारायचा का हो, त्याशिवाय इतकं बरोबर कसं काढलं? आत्या पिशवी खाली न ठेवताच बोलत होती. "माझ्या तम्मानं तुझ्या आईवर कधी हात उगारला न्हाय. उलट तीच लाटणं घेऊन त्याच्या मागं लागायची, पेंटाच्या हातानं भाकरीला शिवला म्हणून. काविळीत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसला हुता चार रात्री. तुला ठावं न्हाय व्हय गं? नववीत हुतीस की." मी म्हणाले, "आत्या, ती गोष्ट आहे." आत्या म्हणाली, "गोष्ट तुझी. तोंड त्याचं." त्या दिवशीही अण्णा खोलीतून बाहेर आले आणि आत्याच्या हातातली पिशवी घेऊन तिला बसवलं. मला वाटतं त्यांना कोणी काय म्हणतं याचं फारसं वाटत नव्हतं. त्यांना फक्त एक गोष्ट जाणून घ्यायची होती. ती विचारायला त्यांनी तीन वर्षं घेतली.

चष्म्याच्या दुकानातून परत आल्यावर मी कॉलेजला गेले, परत आले, उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोप्यात सोडला. साडेपाच झाले असतील. अण्णा नवा चष्मा घालून पायरीवर बसले होते, हातात मूर्ती. ते तिला डोळ्यांजवळ आणत आणि लांब नेत होते. "निशे," ते म्हणाले, "एक इचारू?" मी लाल पेनाचं टोपण काढलं. "त्या बाईला मी व्हय म्हटलं. न्हाय म्हणवंना. पर तू मला खरं सांग. हे हिरवं पयल्यांदा बघितलंस तवा तुला खरंच मार वाटला व्हय?" त्यांचा आवाज अगदी साधा होता. आधी कधी परांचीवरून ओरडून विचारायचे, तेवढाच विश्वास त्यात होता. मी वर पाहिलं नाही. मला वाटलं, नाही म्हणाले तर तीन वर्षांचं सगळं मला आत्ता, या पायरीवर उलगडावं लागेल, आणि उद्यापर्यंत पंचेचाळीस पेपर तपासून द्यायचे आहेत. "हो," मी म्हणाले. "तसंच वाटलं." अण्णांनी मूर्ती एकदा हातभर लांब धरून पाहिली. मग दूध नासलंय हे सांगावं तसं म्हणाले, "मग हात चुकला माझा." आणि उठून मूर्ती आत ठेवायला गेले. एवढंच. जेवताना त्यांनी वांग्याची भाजी दुसऱ्यांदा घेतली. गुरुवारी सकाळी साडेसहाला, दाढीचं पाणी घेऊन अंगणात बसले असताना, वाटी पडल्याचा आवाज आला. मी जाईपर्यंत ते भिंतीला टेकले होते आणि साबण एकाच गालावर होता.

अण्णांच्या जलदानविधीला घरात माणसं मावत नव्हती. भन्तेजींमागून सगळे वंदना म्हणत होते, मीही म्हणत होते, आणि शब्द तोंडात असताना डोक्यात तेच वाक्य चालू होतं. मग हात चुकला माझा. माझा बाप हे मानून गेला की त्याची सावली आयुष्यात एकदा फसली, आणि तीही जिच्यासाठी रस्त्यापलीकडे जागा राखलेली असे तिच्या डोळ्यांत. इतर कोणाला मार दिसला तर ते म्हणू शकत होते, लांबनं बघा. मला ते म्हणू शकत नव्हते. पेपरांत लेख येत राहिले. एका लेखात लिहिलं होतं की घरातल्या कोणत्या दुखऱ्या आठवणीतून कलावंताला ती जखम दिसली असेल, हे आता कायमचं गूढ राहील. गुंडूकाकाने तो पेपर घडी घालून माझ्या हातात दिला. या वेळी तो हसला नाही. "वैनी असत्या तर ह्ये लिव्हणाऱ्याच्या घरला गेल्या असत्या, लाटणं घेऊन," एवढंच म्हणाला.

त्याच आठवड्यात ऋतुराजचा फोन आला. मिस तडाखाची अ‍ॅनिमेशन मालिका तयार होती, फक्त सुरुवातीचं निवेदन राहिलं होतं, आणि ते माझ्याच आवाजात व्हावं असं आधीपासून ठरलं होतं. त्यानंतर पडद्यावर अण्णांचा फोटो येणार, खाली ओळ: ज्यांना ती जखम दिसली त्यांना. "घाई नाही, ताई," तो म्हणाला, "तुमचं मन होईल तेव्हा." त्याने तीन वर्षांत अण्णांवर फार माया केली होती. त्यांना सिमेंटच्या कट्ट्यावर बसावं लागतं म्हणून त्याने खुर्ची आणून दिली होती. मी त्याला त्या वेळी सांगू शकले असते. मी म्हणाले, सोमवारी येते.

रविवारभर मी त्या चष्म्याच्या दुकानातल्या बाईशी बोलत होते. मनातल्या मनात. मी तिला म्हणत होते, तुमची गोष्ट खरी आहे, तुमची बारा वर्षं खरी आहेत, ती मी पुन्हा लिहीन, माझ्या नावावर, दुसऱ्या कोणाच्या गालावर न टेकवता. ती नुसती अण्णांचा हात धरून बसली होती. मला वाटलं मी तिच्याकडून परवानगी मागते आहे, आणि ती द्यायचं तिला काही कारण नाही. मालिका बिघडेल, ऋतुराजचे दीड वर्षाचे कष्ट बिघडतील, कॉलेजात लोक मला काय म्हणतील तेही मी वाक्यावाक्याने ऐकून घेतलं. दुसऱ्या बाजूला काय होतं? एक मेलेला माणूस, ज्याला आता काही ऐकू येणार नव्हतं. हिशेब अगदी सरळ होता. तरी तराजू त्या मेलेल्या माणसाकडेच झुकत होता.

राजारामपुरीतला स्टुडिओ म्हणजे एका दवाखान्यावरची खोली. आत स्पंज लावलेली छोटी कोठडी, एक माईक, एक स्टूल, कागद ठेवायला स्टँड. काचेपलीकडे ऋतुराज आणि आवाजाचं काम बघणारा हंबीरराव, जाडसर, शर्टावर एक वेगळ्याच रंगाचं बटण. दार लागलं आणि बाहेरचं सगळं बंद झालं. स्वतःचं गिळणं ऐकू येईल इतकं. कानातून हंबीररावांचा आवाज आला, "मॅडम, जेवून आलाय न्हवं? पोटाचा आवाज येतोय माईकला." ऋतुराज हसला. मीही हसले. कागदावर माझंच वाक्य होतं, तीन वर्षांपूर्वीचं, मला पाठ असलेलं. मी वाचलं: "त्या शहरात एक बाई होती. तिच्या डाव्या गालावर एक डाग होता. तो कुठून आला हे कुणीच विचारलं नाही."

"छान," ऋतुराज म्हणाला. "ताई, 'डाग'नंतर जरा थांबा. लोकांना तो दिसू दे."

मी पुन्हा सुरू केलं. त्या शहरात एक बाई होती. तिच्या डाव्या गालावर एक डाग. मी थांबले, त्याने सांगितलं तिथे. थांबल्यावर पुढचं वाक्य आलं नाही. कागद समोर होता, अक्षरं स्वच्छ होती. कुणीच विचारलं नाही, असं मला वाचायचं होतं. विचारलं होतं. साडेपाच वाजता, पायरीवर बसून, अगदी सरळ शब्दांत विचारलं होतं. काचेपलीकडे ऋतुराजने हात उंचावून 'घ्या वेळ' अशी खूण केली. हंबीररावांनी काहीही बंद केलं नाही, त्यांच्या पुढ्यातला लाल दिवा चालूच होता. मी कागद उलटा करून स्टँडवर ठेवला.

"अण्णा," मी म्हणाले.

"ताई?" कानात ऋतुराज म्हणाला. "ताई, हे त्यात नाही."

"अण्णा, मी खोटं बोललो. बुधवारी तुम्ही इचारलासा तवा मी खोटं बोललो. मला मार दिसला न्हवता, कधीच न्हाय. पयल्या दिवशी दारातनं बघितलं तवाच मला कळलं हुतं, हिच्यावर दिवस कलल्यालं ऊन पडलंय. त्यो मार मी लिव्हला, अण्णा. मला तुमच्या बायकांची लाज वाटायची म्हणून लिव्हला. तुमचा हात चुकला न्हवता."